आधी ग्रुप, मग झीरो

पुढच्या वेळी डोंबिवली फास्टमध्ये टीसीने पास मागितला, की जरा आदराने काढा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसळे तेव्हा मध्य रेल्वेत टीसीच होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. ज्या टार्गेटवर तो नेम धरतो, त्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त १०.४ मिलिमीटरचा. शर्टाचं बटण समजा. आणि रायफलचा बोअर? पॉइंट टू टू. एनसीसीत तुम्ही-आम्ही झाडली, तोच.

त्या ब्राँझनंतर आमच्या ऑफिसातल्या एका मित्राला नेमबाजीचं वेड लागलं. घर कल्याणला, ऑफिस ठाण्याला, रविवार रेंजवर. आधी एअर रायफल. मग परवान्याचा अर्ज, कारण पॉइंट टू टूला १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली लायसन्स लागतंच. पोलीस चौकशी, फेऱ्या, वाट बघणं... शेवटी खिशाला परवडणारी एक साधी बोल्ट अ‍ॅक्शन हातात आली. स्वारी खूश!

पहिल्याच रविवारी ५० मीटरवर पाच गोळ्यांचा पसारा तळहाताएवढा. दुसऱ्या रविवारी तेच. सोमवारी लंचला डबासुद्धा उघडेना.

"रायफलच भंगार आहे यार. पर्सनल लोन काढतो आणि सेकंडहँड जर्मन मॅच रायफल घेतो."

घराचा हप्ता चालू. बायकोला सातवा महिना. आणि साहेब बँकेचा फॉर्म भरतायत.

मला आमचे एनसीसीचे उस्ताद आठवले. कॅम्पमध्ये २५ यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या होत्या मी. दोन टार्गेटवर, दोन कागदाच्या कडेला, एक बहुधा स्वर्गात. मी ठासून सांगितलं, "उस्ताद, रायफल वाकडी आहे." त्यांनी काही न बोलता तीच रायफल घेतली, आडवे झाले आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी. पण मध्यावर नाही, खाली डावीकडे. मी म्हटलं, बघा, वाकडीच आहे! उस्ताद हसले. "सब एक जगह जा रही हैं ना? जगह मैं ठीक कर दूँगा. आपकी गोली को तो पता ही नहीं, जाना कहाँ है."

बॉस, अचूकतेचं अख्खं शास्त्र त्यात आलं. एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात, तो ग्रुप. ग्रुप लहान पण बाजूला असेल तर साइटचे चार क्लिक फिरवा, झीरो झाली. पण ग्रुपच विखुरलेला असेल तर साइट फिरवून काही होत नाही. आमचा मित्र नेमकं हेच करत होता. प्रत्येक गोळीनंतर साइट फिरवायचा!

पुढच्या रविवारी मी सोबत गेलो. आधी स्टॉकचे आणि साइटचे स्क्रू तपासले. एक चक्क ढिला होता. मग रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, म्हणजे माणसाचा हात हिशेबातून बाहेर. आणि तीन वेगवेगळ्या डब्यांतली काडतुसं आणली.

काडतुसं का? पॉइंट टू टू हे रिमफायर. ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन तिथेच बसते. सेंटरफायरसारखं घरी परत भरता येत नाही. कारखान्याने भरलं तेच नशीब. मसाल्यात, दारूत जरा उन्नीस-बीस झालं की गोळीचा वेग बदलतो आणि ५० मीटरवर ती वर-खाली जाते. त्यात प्रत्येक नळीची आवड वेगळी. म्हणून मुरलेले नेमबाज डबे आधी झाडून बघतात आणि जमलं की त्याच लॉटचे घेऊन ठेवतात.

मित्राचा लाडका डबा 'हाय व्हेलॉसिटी'. जोरात जाते म्हणजे भारी, नाही का? उलट! ती निघते आवाजापेक्षा जास्त वेगाने, वाटेत त्याच्याखाली येते आणि त्या संधीत डळमळू शकते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी पहिल्यापासूनच आवाजाच्या मागे असते.

निकाल? हाय व्हेलॉसिटीचा ग्रुप ६० मिलिमीटर. साध्या स्टँडर्डचा २२. तीच 'भंगार' रायफल!

मग पिशव्या काढल्या. त्याने स्वतः खांद्याला लावून तोच साधा डबा झाडला. ४८. टार्गेटकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मधला फरक... मी?"

हो, राजा. श्वास, खांदा आणि ट्रिगरवरचं बोट.

आता प्रामाणिकपणे सांगतो. महागडी मॅच रायफल काही उगाच महाग नसते. तिचा ट्रिगर हलका आणि दरवेळी सारखाच सुटणारा, स्टॉक अंगाच्या मापाने बसवता येणारा, नळी निवडक. १०.४ मिलिमीटरच्या ठिपक्यापुढे २२ चा ग्रुप चालणारच नाही. त्या लेव्हलला पैसा लागतो. पण आपला पसारा रायफलच्या पसाऱ्यापेक्षा मोठा असेपर्यंत त्या लोनमधून एकही गुण विकत मिळत नाही.

फॉर्म फाडला गेला. त्याऐवजी त्याच लॉटचे काही डबे आले आणि रोज रात्री घरात रिकाम्या हाताने श्वासाची प्रॅक्टिस. परवा तो ३१ वर आला. लेक आता उठून उभी राहायला लागली आहे. तिचा ग्रुप अजून घरभर आहे.

आणि हो, टीसी आलाय. पास काढा.