क्लच घसरतो? आधी तेलाचा डबा वाचा!

कळंबच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे ते म्हणतात, म्हणून छापत नाही. ते पहाटे मोटारसायकलवर भाजी लादून नेरळला नेतात आणि आठवड्यातून दोन-तीनदा माथेरानचा घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत पोचवतात. वर्षभरात त्यांनी दोनदा क्लचप्लेटा बदलल्या. तरी गाडी चढावर ओढत नाही. गेल्या महिन्यात सौभाग्यवती मागे बसल्या असताना घाटातल्या वळणावर इंजिन नुसते ओरडले आणि गाडी मागे सरकू लागली. दोन्ही ब्रेक वेळीच लागले म्हणून निभावले. आता तिसऱ्यांदा प्लेटा घालाव्यात की गाडीच विकावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

आम्ही उलट विचारले, तेल कोणते घालता? उत्तर आले की, मेहुणे पनवेलला मोटार चालवतात, त्यांच्याकडचे उरलेले उंची तेल घालतो. बाजारच्या तेलापेक्षा महाग आहे.

वाचकहो, दुखणे बहुधा इथेच आहे.

क्लचचे काम काय?

मोटारीचा क्लच सहसा कोरडा असतो, तेलापासून दूर. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच मात्र इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल. आत टोपलीतल्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या प्लेटा असतात, एक अस्तराची, एक पोलादी, पुन्हा एक अस्तराची. स्प्रिंगा ही चवड दाबून धरतात. मूठ दाबली की चवड सैल होते, सोडली की घट्ट बसते आणि इंजिनाची ताकद चाकाला मिळते.

म्हणजे तेलाने इंजिनात घर्षण कमी करायचे, पण क्लचमध्ये प्लेटांची पकड सुटू द्यायची नाही. मोटारीच्या पुष्कळ नव्या तेलांत पेट्रोल वाचावे म्हणून जादा निसरडेपणा आणणारी द्रव्ये घालतात. मोटारीला ती गुणाची. आपल्या क्लचला मात्र शेवाळलेल्या बांधावर पाय ठेवल्यासारखे होते. महाग तेल म्हणजे चांगले तेल, हा हिशेब इथे चुकतो.

खरेच क्लच घसरतो आहे का?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये बेताच्या वेगाने चालवा आणि ॲक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाजही चढला नाही आणि वेगही वाढला नाही, तर खोट इंजिनात किंवा पेट्रोलच्या वाटेत शोधा. खटखट करून हिसके बसत असतील तर चेन आणि चक्राचे दाते पाहा. गाडी उभी असताना गिअर पडत नाही किंवा मूठ दाबूनही गाडी पुढे ओढते, तो उलटा दोष. तिथे क्लच पुरता सुटत नाही.

क्रमाने उपाय करा

पहिला उपाय फुकटचा. क्लचच्या मुठीला थोडी ढिलाई हवी. बहुतेक गाड्यांना मुठीच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर चालते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहा. ढिलाई मुळीच नसेल, तर केबल प्लेटांना सदा थोडे उचलून धरते आणि त्या घसरून जळतात. अस्तर झिजते तसतशी ही ढिलाई आपोआप कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा तपासावी. मुठीजवळच्या चाकीने जुळवा; तिथे पुरले नाही तर खालच्या, इंजिनाकडच्या नटाने.

दुसरा, केबल. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ती आतून गंजते, मूठ सोडली तरी पुरती परतत नाही. केबल सोडवून उभी टांगा, वरच्या टोकाला कागदाचा शंकू बांधून त्यात पातळ तेल घाला आणि रात्रभर झिरपू द्या. तार उसवली असेल तर नवीच घ्या.

तिसरा, आपली सवय. दोन बोटे सदा क्लचवर ठेवून चालवणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे, यांनी नव्या प्लेटाही थोड्या दिवसांत जळतात. चढावर थांबायचे तर ब्रेक लावून थांबा. घाटात ओझे असेल तर खालचा गिअर आधीच टाका.

चौथा, तेल. गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी करून इंजिन तीन-चार मिनिटे चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटांनी पट्टी पुसून पातळी पाहा. पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची की फिरवून, हे पुस्तिकेत असते. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे हटकून पाहा. असे तेल एक दिवसही ठेवू नका.

एवढे करूनही घसरले, तरच झाकण उघडा. मेस्त्रीला अस्तराची जाडी मापून दाखवायला सांगा. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्या आहेत का पाहा. निळ्या पडल्या असतील तर तापून गेल्या आहेत. स्प्रिंगांची लांबी मापा. प्लेटा ज्या घरात सरकतात त्याच्या कडांना खाचा पडल्या आहेत का, हेही पाहा. नव्या प्लेटा कोरड्या बसवू नयेत, काही तास योग्य तेलात बुडवून ठेवाव्यात. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. स्प्रिंगांखाली वायसर घालून दाब वाढवणे हा उपाय नव्हे. मूठ जड होते आणि केबल तुटते.

डब्यावर काय वाचाल?

डब्यावर तीन गोष्टी शोधा. पहिली, घट्टपणा: २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३० असे आकडे. पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. शेजाऱ्याच्या गाडीला चालते म्हणून आपल्या गाडीला घालू नका. पुस्तिकेत असेल तोच आकडा घ्या. दुसरी, एपीआयची अक्षरे, एसजे, एसएल, एसएन अशी. यात पुढचे अक्षर नंतरच्या दर्जाचे. पण ही अक्षरे इंजिनापुरती आहेत, क्लचबद्दल ती काही सांगत नाहीत.

तिसरी सर्वांत महत्त्वाची, जासो. जपानमध्ये १९९८ साली खास मोटारसायकलच्या तेलासाठी हे मानक निघाले. जासो एमए म्हणजे क्लचची पकड राखणारे तेल. २००६ साली त्याचे एमए१ आणि एमए२ असे भाग झाले. एमए२ ची पकड अधिक. एमबी हे कमी घर्षणाचे, ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. तिचा क्लच तेलाबाहेर असतो. घरात मुलीची स्कूटर आणि आपली मोटारसायकल दोन्ही असतील, तर दोघींना एकाच डब्यातले तेल घालू नका. ट्रॅक्टरचे तेलही नको. डब्यावर जासो एमए नसेल, तर ते आपल्या क्लचसाठी पारखलेले नाही असे समजा. मायलेज वाढवण्याची द्रव्ये वरून ओतू नयेत.

ज्यांच्याकडे अजून जुनी बुलेट जपलेली आहे, त्यांचे गणित निराळे. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचचे घर यांची तेले वेगवेगळी. जुन्या राजदूतच्या इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळायचे, गिअरचे वेगळे.

डबा सीलबंद घ्या. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात द्या, नाहीतर त्यात भेसळीचे तेल भरून तो पुन्हा बाजारात येईल. जळके तेल विहिरीजवळ, बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका, गुरांच्या जखमेलाही लावू नका. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.

आता कळंबच्या बंधूंना

गाडी विकू नका आणि तिसऱ्यांदा प्लेटाही लगेच घालू नका. दोनदा प्लेटा नव्या आल्या, पण तेल तेच राहिले. आधी केबलची ढिलाई जुळवा. मग इंजिन गरम असताना ते तेल पूर्ण काढा आणि पुस्तिकेतल्या आकड्याचे, जासो एमए किंवा एमए२ लिहिलेले तेल भरा. काही दिवस सपाटीवर, ओझ्याशिवाय चालवा आणि वरची परीक्षा घ्या. पकड आली तर जुन्या तेलाचा अंश जाण्यासाठी पुढची बदली जरा लवकर करा. आली नाही तर प्लेटांची अस्तरे गुळगुळीत झाली आहेत. त्या बदलाव्या लागतील, पण योग्य तेलात त्या टिकतील.

आणि एक. परीक्षेत गाडी पास होईपर्यंत घाटात भाजीही नेऊ नका आणि सौभाग्यवतींना तर मुळीच मागे बसवू नका. एखाद्या फेरीचे भाडे पडले तरी चालेल.