परड्यातल्या खोलीची वायर



चातुर्मास जवळ आला की आपल्याकडे परड्यातली खोली झाडूनपुसून निघते. घरघंटी तिथंच, वॉशिंग मशीन तिथंच, शोधलेल्या धान्याचे डबेही तिथंच. आणि त्या खोलीला वीज कुठून? स्वयंपाकघरातल्या प्लगमधून वायर काढायची, खिडकीच्या गजातून बाहेर घालायची, कपड्यांच्या तारेला गुंडाळत खोलीपर्यंत न्यायची. मध्ये एक जोड, त्यावर काळी टेप. आमच्याकडेही नऊ वर्षं असंच होतं.

गेल्या पावसाळ्यात धुण्याच्या बाई म्हणाल्या, "काकू, तारंला हात लावला की मुंग्या येत्यात." घरातले पुरुष हसले. "ओल्या हातानं धरू नका," एवढाच निकाल. अहो, धुणं वाळत घालणारीचे हात कोरडे कधी असतात? मी मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढून पाहिलं. टेप सुटली होती आणि उघडं तांबं लोखंडी तारेला टेकलं होतं. त्या बाई चपला घालून होत्या म्हणून मुंग्यांवर भागलं.

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" हे मी आयुष्यभर ऐकलं. मी बी.कॉम. आहे. वायरिंग मला शिकवलं नाही, पण बेरीज येते. घरघंटी साधारण 750 वॅट, पाणी तापवणारं मशीन 2000, इस्त्री 1000. झाले 3750. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे 16 अँपिअरहून जास्त. त्याच लाइनवर फ्रिज आणि मिक्सर आहेतच. मग एमसीबी पडायचा. आमच्या वायरमननं काय केलं? 16 चा एमसीबी काढून 32 चा बसवला. वायर तीच! एमसीबी पडतो तो वायर तापून पेटू नये म्हणून. वायर न बदलता तो मोठा करणं म्हणजे दुकान तोट्यात आहे म्हणून हिशेबाची वहीच लपवणं.

आणि नीट ऐका, एमसीबी माणसासाठी नसतोच. जीव जायला एका अँपिअरचा छोटा अंशही पुरतो. 16 चा एमसीबी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. त्याचं काम मला लगेच समजलं, कारण ते जमाखर्चाचंच आहे. फेजमधून गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं का, हे तो सतत ताडून पाहतो. 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणाच्या आत सगळं बंद. इतका कडक ऑडिटर एका बऱ्या साडीच्या पैशांत मिळतो. तरी तो नको, आणि खोलीच्या फरशीला मात्र ग्रॅनाइट हवं!

"इतकी वर्षं काही झालं नाही," म्हणतात. झालं नाही हे आपलं नशीब, आपली काळजी नव्हे. आपण पाणी गाळून पितो, धान्यातली अळी मरू नये म्हणून चष्मा लावून निवडतो. आपल्या धर्मात बेपर्वाईला, प्रमादाला, हिंसेचं मूळ मानलं आहे. मग भर पावसात उघडी वायर दुसऱ्याच्या लेकीच्या हाताशी ठेवणं हा प्रमाद नाही तर काय? शॉक बसतो तो आपल्याला, सुनेला, कामवालीला. निर्णय मात्र बैठकीच्या खोलीत होतो.

म्हणून ठामपणे मागा. मेन बोर्डवरून खोलीसाठी स्वतंत्र लाइन, तिचा वेगळा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हवेत लोंबती वायर नको; पत्र्याचं कवच असलेली आर्मर्ड केबल, अडीच फूट खोल, वाळूत, वर विटा. अर्थिंग खोलीपर्यंत पोचलेलं हवं, नुसतं थ्री-पिन सॉकेट बसवून भागत नाही. खोलीतही सगळी वीज तोडणारा एक स्विच हवा. बिलावरचा मंजूर भार पाहा, कमी असेल तर वाढवून घ्या. आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. तसा नियम आहे, ती हौस नव्हे. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला तर चालू आहे, नाही पडला तर त्याच दिवशी बदला.

आमच्या घरी यासाठी चार दिवस अबोला झाला. मी घरघंटी बंद ठेवली, पीठ संपलं, आणि पाचव्या दिवशी चर खणायला माणूस आला.

आज संध्याकाळी परड्यात जाऊन आपली वायर एकदा पाहून या. पण हात लावू नका, आधी मेन बंद करा.