कोलेस्टेरॉल, पक्षाघात आणि सरासरीचा फसवेपणा

रक्तातील कोलेस्टेरॉलचा आकडा हा आता सुशिक्षित मध्यमवर्गाच्या बोलण्यातला नित्याचा विषय झाला आहे. शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत डबा खाताना महागाई भत्त्याच्या बरोबरीने एलडीएलचीही चर्चा होते. हृदयविकाराशी या आकड्याचा असलेला संबंध वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे मान्य केला आहे. परंतु जे हृदयाला लागू तेच जसेच्या तसे मेंदूलाही लागू, हे आपले गृहीत मात्र तितकेसे सरळ नाही.

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 1995 साली 45 अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध केला. साडेचार लाख लोक, सरासरी 16 वर्षांचा मागोवा आणि पक्षाघाताच्या 13,000 हून अधिक घटना, एवढी प्रचंड सामग्री हाताशी होती. तीतून निष्पन्न काय झाले? कोलेस्टेरॉल आणि पक्षाघात यांच्यात एकंदरीने संबंध आढळत नाही! उलट रक्तदाबाच्या बाबतीत, खालचा आकडा सर्वांत कमी असलेला गट आणि सर्वांत जास्त असलेला गट यांच्या धोक्यात पाचपटीचे अंतर दिसले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा शून्याविषयी लगेच शंका येते. एका जिल्ह्यात ज्वारीचे भाव चढले आणि दुसऱ्यात तेवढेच उतरले, तर राज्याची सरासरी जागच्या जागी राहते. म्हणून बाजारात काही घडलेच नाही, असे कोणी म्हणत नाही. ‘पक्षाघात’ हा शब्दही दोन भिन्न व्याधींना एकाच पोत्यात भरतो. एकीत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मेदाच्या थराने किंवा अडकलेल्या गुठळीने बंद होते. दुसरीत ती फुटून रक्तस्राव होतो. घरच्यांना दोन्हींत तोंड वाकडे झालेले आणि हात लुळा पडलेलाच दिसतो. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासकांना प्रकारवार आकडेवारी उपलब्ध नव्हती, आणि दोन विरुद्ध संबंध एकमेकांना झाकत असावेत ही शक्यता त्यांनीच नोंदविली होती.

तिला पुरावाही होता. 1989 साली अमेरिकेतील साडेतीन लाख पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल जसजसे वाढते, तसतसे रक्तवाहिनी बंद पडून होणारे मृत्यू वाढत होते. मात्र ज्यांचे कोलेस्टेरॉल 160 च्याही खाली होते, त्यांच्यात मेंदूतील रक्तस्रावाने होणारे मृत्यू तिपटीच्या घरात होते. आणि तेही केवळ ज्यांच्या रक्तदाबाचा खालचा आकडा 90 किंवा त्याहून अधिक होता, अशांमध्ये. हा शेवटचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

औषधाचा हिशेबही असाच दुहेरी आहे. नुकताच पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या 4,731 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. सुमारे पाच वर्षांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण ॲटोरव्हास्टॅटिनमुळे 13.1 टक्क्यांवरून 11.2 टक्क्यांवर उतरले. रक्तस्रावाच्या घटना मात्र 33 ऐवजी 55 झाल्या. त्या तोट्याची वजावट पहिल्या आकड्यात आधीच झालेली आहे, म्हणजे उरलेला फायदा निव्वळ आहे. तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून डॉक्टरांना न विचारता ही गोळी बंद करणे हा शहाणपणा नव्हे. तथापि, एकदा गोळी सुरू झाली की रक्तदाबाकडे काणाडोळा केला तरी चालते, ही समजूतही तितकीच घातक आहे.

औषधाच्या किमतीची सबब आपल्याकडे फारशी पुढे करता येणार नाही. औषधाच्या पदार्थावर नव्हे तर केवळ प्रक्रियेवर पेटंट, हे 1970 च्या कायद्याचे धोरण 2005 पर्यंत टिकले आणि त्याच्या आधाराने देशी कंपन्यांनी ही औषधे स्वस्तात तयार केली. 2013 च्या आदेशाने ॲटोरव्हास्टॅटिनची किंमतही नियंत्रणाखाली आली. रक्तदाबाची औषधे तर त्याहून जुनी. 2017 मध्ये पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा शासकीय उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रही होता.

अशा स्थितीत मध्यमवर्गाचा पैसा जातो कोठे? जाहिरातीतील ‘संपूर्ण तपासणी’च्या यादीत मेदाचे पाच-सहा आकडे ओळीने मांडलेले असतात, पण रक्ताचा नमुना घ्यायला घरी येणारा तरुण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहतोच असे नाही, आणि तो का पाहत नाही, असे त्याला सहसा कोणी विचारतही नाही.