मार्चएण्डची घाई

जामनेरहून वरणगाव काही लांब नाही. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं बनतात. लॉटमधली काही झाडून पाहिल्याशिवाय लॉट बाहेर पडत नाही, आणि तो पास करणारा बनवणाऱ्याच्या हाताखालचा नसतो. मार्च जवळ आला की कुठल्याही कारखान्यात ‘सोडा हो लवकर’ म्हणणारे भेटतात. खोटं लिहा, असं इन्स्पेक्टरला कुणी तोंडावर सांगत नाही. फक्त घाई करतात.

इराकमध्ये महासंहारक शस्त्रं शोधणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांचंही मार्चमध्येच असं झालं. 7 मार्च 2003 रोजी त्यांनी सुरक्षा परिषदेला हिशेब दिला. इराकमधलं उरलेलं काम संपवायला वर्षं लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, काही महिने लागतील. त्यांचे निरीक्षक इराकमध्ये कामाला लागले होते 27 नोव्हेंबर 2002 रोजी. म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने झाले होते. त्या हिशेबानंतर अकरा दिवसांनी निरीक्षकांना बगदाद सोडावं लागलं. 20 मार्चला अमेरिकेचे बॉम्ब पडू लागले.

हे निरीक्षक इराकच्या सद्दाम हुसेनला सांभाळून घेत होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. इराकच्या अल समूद क्षेपणास्त्राला 150 किलोमीटरची मर्यादा होती. चाचणीत ते 183 पर्यंत गेलं. ब्लिक्स यांनी ती क्षेपणास्त्रं मोडायला लावली आणि 1 मार्चपासून इराक ती मोडू लागला. युद्ध सुरू होईपर्यंत सत्तरएक मोडून झाली होती. तपासणी चालत नाही, असं वॉशिंग्टन सांगत होतं ते याच दिवसांत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्लिक्स यांच्या मनातली. इराककडे काहीतरी लपवलेलं असावं, असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं. पुढे त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. पण वाटलेलं त्यांनी अहवालात सापडलेलं म्हणून लिहिलं नाही. उपाध्यक्ष डिक चेनी यांनी ऑक्टोबर 2002मध्ये त्यांना समोर बसवून ऐकवलं होतं, की गरज पडली तर तपासणीची पत घालवायला अमेरिका मागेपुढे पाहणार नाही. ही धमकी खिशात घेऊन हा माणूस कामाला गेला. आणि परिषदेत उभं राहून त्याने मागितलं काय, तर मुदत.

ती मिळाली नाही. मग अमेरिकेने स्वतःच शोध घेतला. पाहुणे म्हणून नव्हे, मालक म्हणून. देश ताब्यात, तुरुंगात शास्त्रज्ञ, दिमतीला फौज आणि चौदाशेच्या आसपास माणसांचं पथक. पहिले प्रमुख डेव्हिड के जानेवारी 2004मध्ये पायउतार झाले आणि आपण जवळजवळ सगळेच चुकलो, असं सांगून गेले. मुख्य अहवाल आला सप्टेंबर 2004अखेर. महासंहारक शस्त्रांचे साठे नव्हते. परक्या निरीक्षकांना ज्यांनी काही महिने नाकारले, त्यांना स्वतःला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मात्र कुणी घड्याळ दाखवलं नाही.

वीस-बावीस वर्षांनी इराणच्या बाबतीत तारखा आणखी जवळ आल्या. 12 जून 2025 रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळाने इराणवर करारभंगाचा ठपका ठेवला. 13 जूनला इस्रायलने हल्ला केला. ठपक्यात तथ्य नव्हतं, असं नाही. पण अण्वस्त्र बनवण्याच्या पद्धतशीर प्रयत्नाचा पुरावा आमच्याकडे नाही, हेही संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी सांगत होते. ठपका सगळ्यांनी ऐकला. हे दुसरं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नाही.

हल्ल्याआधी इराणकडे 60 टक्के समृद्ध केलेलं 400 किलोहून जास्त युरेनियम असल्याची नोंद निरीक्षकांकडे होती. किलोपर्यंत मोजलेली. हल्ल्यानंतर इराणने संस्थेशी सहकार्य थांबवलं, आणि तो साठा नेमका कुठे आहे, हे पाहून सांगणारं तिथे कुणी उरलं नाही.