कोठा अडला, ले-आउट सुटला



वावरातला बैलांचा कोठा, कुटाराची खोली, राहते घर हा शेतीचाच भाग. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेही ते मानले. त्याच सालच्या नगररचना कायद्याने मात्र परवानगीतून सूट दिली ती शेतातल्या विहिरीला आणि वाटेला, कोठ्याला नाही! २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले आणि भोवतालच्या गावांना नकाशा घेऊन शहर गाठणे आले. तिकडे वावरांचे तुकडे पाडून बिनपरवाना विकलेले प्लॉट २००१ च्या गुंठेवारी कायद्याने पैसे भरून नियमित होतात. २०२१ मध्ये ही सवलत २०२० अखेरपर्यंतच्या प्लॉटांना दिली. प्लॉट घेणारे बहुतेक गरीबच, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण ले-आउटवाल्याचे पाप धुणारे सरकार आमच्या कोठ्याचा नकाशा कोणत्या तोंडाने मागते? कोठ्याला ग्रामपंचायतीची नोंद पुरे.