प्रेक्षकाला बोलते करणारा दिग्दर्शक

जर्मन रंगभूमी म्हटली की आपल्याला ब्रेख्त आठवतो. पु. ल. देशपांडे यांनी १९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' लिहून त्याला मराठी प्रेक्षकाच्या अगदी जवळ आणले. पण जर्मन नाटक ब्रेख्तपाशी थांबलेले नाही. आज बर्लिनमधल्या ज्या दिग्दर्शकाची नाटके जगभर जातात, त्या थॉमस ऑस्टरमायरचीही ओळख आपण करून घ्यायला हवी.

ऑस्टरमायरचा जन्म १९६८ चा. 'अर्न्स्ट बुश' नाट्यविद्यालयातून तो बाहेर पडला आणि १९९६ मध्ये डॉइचेस थिएटरने आपली 'बराक' ही छोटी रंगभूमी त्याच्या हवाली केली. तिथल्या नव्या, धगधगत्या नाटकांनी त्याचे नाव झाले. १९९९ मध्ये शाउब्यून या मातब्बर नाट्यसंस्थेची सूत्रे त्याच्याकडे आली.

मग त्याने जुनी नाटके आजच्या दिवाणखान्यात आणली. इब्सेनची नोरा घर सोडून जाते. ऑस्टरमायरच्या २००२ च्या प्रयोगात ती नवऱ्याला गोळीच घालते. हा चमत्कृतीचा सोस नव्हे काय, असे कुणीही विचारील. मला तसे वाटत नाही. घर सोडणाऱ्या बाईने १८७९ सालचा प्रेक्षक हादरला होता. आजच्या प्रेक्षकाला तो धक्का कसा बसावा?

त्याचे खरे बळ दिसले ते २०१२ मध्ये, इब्सेनच्याच 'एनिमी ऑफ द पीपल'मध्ये. (सत्यजित राय यांचा 'गणशत्रू' याच नाटकावरचा.) गावाचे उत्पन्न ज्या स्नानगृहांवर, त्यांचेच पाणी दूषित असल्याचे डॉ. स्टॉकमन सांगतो आणि गावाचा वैरी ठरतो. जाहीर सभेच्या प्रवेशात ऑस्टरमायर प्रेक्षागृहातले दिवे लावतो आणि प्रेक्षकांनाच विचारतो, तुमचे मत काय? प्रत्येक देशात लोक आपापल्या गावाचे दुखणे बोलू लागतात. २०१८ मध्ये बीजिंगचे प्रेक्षक इतके मोकळे बोलले, की पुढच्या प्रयोगांत ती चर्चा गाळावी लागली आणि नानजिंगचे प्रयोग तर रद्दच झाले. नटांच्या संवादांना सेन्सॉर लावता येतो. प्रेक्षकाच्या तोंडी काय येईल, याची संहिता आधी कोण तपासणार?

पण ऑस्टरमायर प्रेक्षकाची पाठ थोपटून त्याला घरी पाठवत नाही. शेवटी डॉक्टरच्या हाती त्याच स्नानगृहांचे शेअर्स येतात. गप्प बसले तर पैसा, बोलले तर कफल्लक. नवराबायको त्या कागदांकडे पाहत बसतात आणि नाटक संपते. सभेत तावातावाने बोलणे त्या मानाने सोपेच. खरा निर्णय घरात, चार भिंतींच्या आड, मुलाबाळांचा विचार करत घ्यावा लागतो. तिथे आपल्याला बोलते करणारा दिग्दर्शक कुणी नसतो.