कुळाचा मोह आणि कर्णाचा नकार

नायकाचे मूळ जाणून घेण्याची ओढ वाचकाची सहानुभूती व्यापक करते, असे सामान्यतः मानले जाते. कर्णकथेच्या आधुनिक रूपांकडे पाहिले असता हे मत तपासून घेणे भाग पडते. हिंदीत रामधारी सिंह ‘दिनकर’ यांचे ‘रश्मिरथी’ (१९५२), मराठीत शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाई यांची ‘राधेय’ (१९७३) या कृतींनी कर्णाला अपार लोकप्रियता मिळवून दिली. उपेक्षितांविषयीच्या कणवेचा हा विजय होय, असे या लोकप्रियतेचे समर्थन केले जाते. वस्तुतः त्या कणवेच्या तळाशी कुळाविषयीचा जुनाच आदर दडलेला आहे.

आदिपर्वातील रंगभूमीचा प्रसंग घ्यावा. कृपाचार्य कर्णाला कुळ विचारतात आणि अधिरथ येताच भीम त्याच्या सूतपणाची हेटाळणी करतो. वाचक व्याकूळ होतो, परंतु कशामुळे? पांडवांच्या ज्येष्ठ बंधूलाच हे ऐकावे लागते, यामुळे. म्हणजे चूक ठरते ती माणूस ओळखण्यातली. कुळ विचारण्याची रीत निर्दोष सुटते. कर्ण खरोखरच अधिरथाचा औरस पुत्र असता, तर भीमाचे बोलणे न्याय्य ठरले असते काय? जन्मरहस्य हाती असलेल्या वाचकापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही.

सावंतांनी चंपानगरीतील घर आणि शोणाचे बंधुप्रेम जिव्हाळ्याने रंगवले, देसाईंनी तर राधेचे मातृत्व शीर्षकातच मिरवले, असा प्रतिवाद करता येईल. तो खरा आहे. परंतु त्या घराचा जिव्हाळा वाचकाला पुरत नाही. त्याला सूर्यपुत्र हवा असतो. शिवाय हेच मूळ पुढे कृत्यांची सबब बनते. सभापर्वात द्रौपदीविषयी अत्यंत हीन शब्द उच्चारणारा आणि तिची वस्त्रे काढून घ्यावयास सांगणारा कर्णच आहे. जन्मतःच टाकलेल्या मुलाचे दुःख पुढे करून हा अपराध सौम्य करणे म्हणजे नायकावरील प्रेमापोटी द्रौपदीवर पुन्हा अन्याय करणे होय.

महाभारतकारांची दृष्टी याहून कठोर आणि म्हणूनच अधिक उदार आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला जन्मकथा सांगून राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो. अधिरथाने केलेले संस्कार, राधेचे वात्सल्य, सूतकुळातील भार्या आणि पुत्रपौत्र ही त्याची कारणे आहेत. त्याच संभाषणात, दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असेही तो सांगतो. त्याच्यातील परिवर्तन म्हणावे ते हेच, आणि ते कुळ कळल्यामुळे नव्हे, तर स्वतःच्या कृत्याकडे पाहिल्यामुळे घडते. आधुनिक कृतींतही त्याचा नकार येतो. वाचकाच्या स्मरणात मात्र रहस्यच उरते.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना हा मोह चालत नाही. तेथे मागाहून सापडणारे राजकुळ नाही. जन्म गावाला ठाऊक आहे आणि अन्याय त्यामुळेच होतो. ज्या वाचकाने कर्णासाठी अश्रू ढाळले, त्याची खरी परीक्षा तेथे होते. साहित्याच्या वर्गात ‘कर्ण खरा कोणाचा?’ हा प्रश्न पुरे झाला. तो अधिरथाचाच असता तर आपण त्याच्या बाजूने उभे राहिलो असतो का, हे विद्यार्थ्यांना विचारले गेले पाहिजे.